तीनदा लागलेला दिवा

शपथ मी घेणार नाही. शपथा खोटं बोलणाऱ्याला लागतात. जे सांगते आहे ते माझ्या घरात झालं, माझ्या डोळ्यांसमोर झालं. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

इथे बहुतेकजण रात्रीच्या गोष्टी लिहितात. अंधार, रडणारी कुत्री, सुनसान रस्ता. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही.

गुरुवारची दुपार होती. लख्ख ऊन. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याच्या नळीचा आवाज वरपर्यंत येत होता. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत ह्यांचा पलंग, मागे स्वयंपाकघर, मधे एक दार.

ते दार मी लावून घेतलं होतं.

ते का लावलं, हे कळायला थोडं मागचं सांगावं लागेल.

मी सव्वीस वर्षं बिनतारी घंटांच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं. दाराबाहेर बटण, घरात घंटा, मधे तार नाही, तसल्या घंटा. तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. भागांवरच्या रंगीत रेघा बघून भाग ओळखायचे आणि टाके घालायचे. टाका म्हणजे वितळलेल्या कथलाचा थेंब. त्याने भागाचा पाय पाटीवरच्या तांब्याच्या रेघेला चिकटतो. आमच्या रांगेत सगळ्याजणी टाकाच म्हणायच्या. हे मला चिडवायचे, "जगाला टाके घालते माझी बायको, आणि माझ्या शर्टाचं बटण सहा महिने लोंबतंय."

हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरं मला त्यांनीच शिकवली, तीही पन्नाशी उलटल्यावर. उरलेल्या रंगाने जुन्या पत्र्यावर वीतभर अक्षर काढायचे आणि म्हणायचे, "गिरव." अजून माझं अक्षर मोठं येतं ते त्यामुळेच. एका पानात चार ओळी मावतात.

मग एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून वस्तरा गळाला.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. सगळ्या भाषेतला एकच शब्द मागे राहिला.

"हॅट्!"

पाणी हवं, हॅट्. पंखा बंद कर, हॅट्. आनंद झाला तरी हॅट्. खालच्या मजल्यावर राहणारे डॉक्टर तपासायला यायचे, विचारायचे, "काय काका, कसं वाटतंय आज?"

"हॅट्!"

"उत्तर बरोबर आहे," असं म्हणून डॉक्टर हसायचे. हेही अर्ध्या तोंडाने हसायचे.

अक्षरंही गेली. मी एका कागदावर मोठं 'पाणी' लिहून समोर धरलं. ज्यांनी मला 'प' काढायला शिकवलं ते त्या कागदाकडे मुंग्यांच्या रांगेकडे बघावं तसे बघत राहिले. तो कागद मी घडी करून ठेवून दिला. पुन्हा काढला नाही.

मग आम्ही चमचा सुरू केला. डाव्या हातात चमचा द्यायचा, पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायचा. एकदा वाजवला की पाणी. दोनदा वाजवला की कूस बदल. हे दोन दिवसांत बसलं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी तीनदा वाजवला. दोन लागोपाठ, आणि हात दमायचा म्हणून तिसरा जरा उशिरा. मी धावत गेले. चादर? हॅट्. खिडकी? हॅट्. उशी? पाय दुखतोय? भूक? हॅट्, हॅट्, हॅट्! शेवटी मी वैतागून पलंगाच्या कडेवर बसले. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा काय ते!"

ते एकदम शांत झाले. डोळे मिटून घेतले.

तेव्हा कळलं. तीनदा म्हणजे नुसती ये, बस.

पुढे डावा हातही कमजोर होत गेला. एकदा दुपारी चमचा खाली पडला आणि मी मागे कपडे वाळत घालत होते. आले तेव्हा चादर ओली होती. तासभर तरी तसेच पडले असतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे तोंड करून राहिले. ते तोंड बघून मी ठरवलं, ह्यांच्या हाताला बटण द्यायचं. अंगठा नुसता टेकला तरी स्वयंपाकघरात दिवा लागला पाहिजे.

मुलगी दूर गावी असते. ती फोनवर म्हणाली, "आई, तयार मिळते गं घंटा. मी मागवते."

"त्यांची बटणं कडक असतात. तुझ्या बाबांचा अंगठा जोर धरत नाही."

"मऊवाली बघते ना."

"सव्वीस वर्षं लोकांच्या दाराला घंटा लावल्या, आणि नवऱ्याची विकत आणू? लाज नाही वाटणार मला?"

"बाबा तुला काय म्हणाले असते माहितीये?"

"काय?"

"हॅट्!"

दोघी खूप हसलो. त्या दिवसानंतर तशी हसले नाही.

पाटी मी घरीच केली. तांब्याचा मुलामा दिलेल्या पाटीवर पक्क्या शाईच्या पेनाने रेघा काढायच्या आणि पाटी तांबं खाणाऱ्या पाण्यात बुडवायची. शाईखालचं तांबं तेवढं उरतं, बाकीचं जातं. दोन पाट्या केल्या. एक ह्यांच्या हातातल्या बटणाची, एक माझ्याकडच्या दिव्याची. बटणाच्या पाटीवरची शेवटची रेघ ह्यांनी डाव्या हाताने ओढली. साऱ्या बाजारपेठेच्या पाट्या ज्या हातांनी रंगवल्या, त्यातला हा धाकटा हात. रेघ वाकडी आली. मी म्हटलं, "असू दे हो. वीज काही सरळ रेघ बघून जात नाही."

भोकं पाडली, भाग बसवले, टाके घातले. दोन्ही चिपना एकच खूण दिली, म्हणजे ह्यांच्या बटणाने फक्त माझाच दिवा लागेल, दुसऱ्या कोणाच्या घंटेने नाही. बटणाची पाटी बाहेरून वीज देऊन तपासली. मग तिच्यात सेल बसवला, ती डबीत घातली आणि डबीचे दोन स्क्रू आवळले.

ही बुधवारची संध्याकाळ.

गुरुवारी जेवण भरवून झालं तेव्हा अडीच वाजले होते. बटण मी ह्यांच्या डाव्या हातात दिलं. "हे दाबायचं. मी आत दिवा बघते. कळलं?"

"हॅट्!"

डोळे असे चमकले! लहान मूल नवं खेळणं धरतं तसं ते बटण धरलं. चमचा दांडीवर होता. "आता ह्याची काय गरज?" असं म्हणून मी तो उचलला आणि धुवायच्या भांड्यात टाकला.

मग मधलं दार लावून घेतलं. एखादा टाका पुन्हा तापवावा लागला असता, आणि सोल्डरचा धूर ह्यांना सोसायचा नाही, खोकल्याची उबळ यायची. एवढंच कारण होतं.

"दाबा!" मी आतून ओरडले.

पलंग करकरला. अंगठ्याला जोर मिळावा म्हणून ते अख्खं अंग एका बाजूला रेटायचे, की पलंग करकरायचा. म्हणजे दाबलं.

दिवा लागला नाही.

"परत दाबा!"

करकर.

दिवा नाही.

"थांबा, माझ्याकडेच काहीतरी राहिलंय. तुम्ही दाबत राहा हं अधूनमधून!"

मी दिव्याची पाटी पालथी केली आणि भिंग लावून बसले. टाकेवालीची खोड असते. जोडणी लागली नाही की आधी आपल्याच टाक्यांवर संशय. त्यात दिव्याच्या पाटीवर टाके जास्त, म्हणजे दोष तिथेच असणार. बटण मागून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण ते इतक्या हौसेने धरलेलं, ते कसं काढून घेऊ?

वीज येत होती. मीटर लावून बघितलं. दोन टाके कच्चे वाटले, पुन्हा तापवले. चिपची खूण जुळवून बघितली. जुळत होती. हवेतून येणारा इशारा पकडणारी वेटोळ्याची तार उचकटून नवी लावली.

बाहेर करकर चालूच होती. एक. मग दोन.

मग दोन लागोपाठ... आणि तिसरी जरा उशिरा.

मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मी आतून ओरडले, "कळलं हो! दिवा लागला की येतेच बसायला!"

पुन्हा तसंच. दोन, आणि तिसरी.

"अहो, येते म्हटलं ना!"

पुन्हा एकदा झालं.

मग करकर थांबली.

मला वाटलं, दमले, डोळा लागला. बरंच झालं. आता शांतपणे काम करता येईल.

खरंच, असंच वाटलं मला.

पाच वाजून गेले होते. माझी मान आखडली होती. सगळे टाके तीनतीनदा तपासून झाले, कुठे दोष नाही. खाली गाडी धुणारा कधीच गेला होता. घरात इतकं शांत होतं की दिव्याच्या पाटीला वीज देणाऱ्या ठोकळ्याची बारीक घूंऽऽ ऐकू येत होती. मी वैतागून हत्यार खाली ठेवलं. चहा टाकावा म्हणून उठले, पाठ फिरवली...

आणि ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर लाल उजेड पडला.

वळले. दिवा विझला होता. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा लागला. विझला.

थोडा वेळ गेला...

तिसऱ्यांदा लागला.

"लागला! अहो, लागला!" मी टाळी वाजवली. ह्या वयात, एकटी, स्वयंपाकघरात. "बघा, म्हटलं होतं ना!" दार उघडून मी जवळजवळ पळतच बाहेर गेले.

ते दाराकडे तोंड करून पडले होते. डोळे अर्धे उघडे होते.

मी शेजारी बसले. बसायलाच तर बोलावलं होतं. हात हातात घेतला.

हात गार होता. नुकता गार झालेला नव्हता. फरशीसारखा गार.

बटण मुठीत होतं. पण अंगठा त्यावर नव्हता. तो बाजूला घसरून चादरीवर पडला होता.

खालच्या डॉक्टरांना हाक मारली. ते तसेच धावत आले, मनगट धरलं, पापणी उचलली, जबडा चाचपला. मग घड्याळाकडे बघितलं.

"काकू, काकांना जाऊन दोन तास तरी झालेत."

"काहीतरीच काय डॉक्टर! आत्ता, पाच मिनिटांपूर्वी त्यांनी मला बोलावलं."

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ह्यांच्या मुठीतून बटण सोडवायला लागले. बोटं सुटत नव्हती. एकेक सोडवावी लागली.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तिला मी दिव्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू किती दमली होतीस. नुसता भास झाला असेल तुला." तिचेही बाबा गेले होते. तिच्याशी कुठे वाद घालू?

एका बाबतीत मात्र मला समाधान होतं, आणि मी त्याला धरून होते. दिवा लागला होता. माझी जोडणी लागली होती. उशिरा का होईना, त्यांचं बोलावणं मला पोचलं होतं.

ते समाधान पंधरा दिवस टिकलं.

पंधराव्या दिवशी आमची तपासणीवाली आली. कारखान्यात ती माझ्या शेजारच्या बाकावर. मी टाके घालायचे, ती तपासायची. तिचं नाव घेऊन कोणी हाक मारत नसे, व्यवस्थापकसुद्धा तपासणीवालीच म्हणायचे. फणसासारखी बाई. आली, रडली नाही, माझ्यावरच डाफरली, "हा काय अवतार? जेवलीस का? खोटं बोलू नकोस, भांडी कोरडी आहेत." स्वतःच चहा केला. मग माझं मन रमावं म्हणून फळीवरचं बटण उचललं. "बघू तरी, म्हातारपणी तुझे टाके कसे पडतात."

तिने स्क्रू काढले. डबी उघडली.

आणि बोलायची थांबली.

तपासणीवाली बोलायची थांबलेली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती.

मग घाईघाईने तिने झाकण लावलं. स्क्रू तिच्या हातातून खाली पडला.

"काय झालं?"

"काही नाही. टाके छान आहेत."

"इकडे दे."

"राहू दे गं. मी घेऊन जाते हे. तुझ्या डोळ्यांसमोर नको."

"दे म्हणते ना!"

तिने दिलं. माझ्याकडे न बघता दिलं.

सेलखाली कागदाची पट्टी होती.

तुम्हाला कळावं म्हणून सांगते. आमच्या कारखान्यात सेल बसवताना त्याच्याखाली कागदाची बारीक पट्टी सरकवायचो. वीज पाटीपर्यंत पोचायला नको, खोक्यात पडल्यापडल्या सेल संपायला नको, म्हणून. पट्टी घालायची टाकेवालीने. ओढून काढायची तपासणीवालीने. सव्वीस वर्षं मी पट्ट्या घालत आले. हजारो घातल्या असतील. एकही काढली नाही. ते माझं कामच नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी माझ्या हातांनी आपलं नेहमीचं काम केलं होतं. वहीच्या कडेचा कागद फाडून नीट पट्टी घातली होती. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे ते दाबत होते. अख्खं अंग रेटून दाबत होते. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मी दाराआड बसून बिनदोष पाटीतला दोष शोधत होते.

"माझ्याकडे पाठवायचंस ना गं..." तपासणीवाली म्हणाली. "मी काढली असती." आणि ती फणसासारखी बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मी रडले नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"पण दिवा लागला होता," मी म्हटलं.

"कुठला दिवा?"

"पाच वाजून गेल्यावर. मी बघितलाय. माझ्या डोळ्यांनी."

"पट्टी असताना?"

"हो."

तिने डोळे पुसले. पदर खोचला. ती पुन्हा तपासणीवाली झाली. "आण तुझी पाटी. मीटर आण."

दिव्याच्या पाटीला वीज दिली. पट्टी होती तशीच ठेवून तिने बटण दाबलं. दिवा नाही. दहादा दाबलं, वीसदा दाबलं. डबी हलवून दाबलं, उलटी करून दाबलं, खालीवर आपटून दाबलं. नाही. मीटर लावला. शून्य. काटा तसूभर हलला नाही. मग पट्टी ओढून काढली आणि दाबलं.

दिवा लागला. लगेच. पहिल्याच दाबाला.

पट्टी परत घातली. नाही.

"शेजारपाजारच्या कुणाच्या घंटेचा इशारा आला असेल," ती म्हणाली.

"खूण जुळल्याशिवाय लागत नाही. नव्या पोरींना तूच शिकवायचीस."

"हं." तिने डबी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "कसा लागला होता? एकदम लागून राहिला?"

"तीनदा. दोन लागोपाठ, आणि तिसरा जरा..."

पुढच्या खोलीत पलंग करकरला.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मुलगी परत गेली होती. घरात तिसरं माणूस नव्हतं.

पुन्हा करकरला.

आम्ही एकमेकींकडे बघत होतो. मी मनातल्या मनात वाट बघत होते...

तिसरा आवाज आला नाही.

बाहेर जाऊन बघितलं. पलंग रिकामा. गादी गुंडाळून ठेवलेली, नुसती लोखंडी चौकट आणि पट्ट्या. तपासणीवालीने पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "ऊन कमी झालं की लोखंड आवाज करतं." मग चपला हातात घेऊनच जिना उतरली. तेव्हापासून ती आमच्याकडे वर येत नाही. मला खाली आवारातल्या बाकावर बोलावते.

त्या दिवसानंतर माझी झोप गेली. भीतीने नाही हो. नवऱ्याची कसली भीती? ज्याने मला 'क' काढायला शिकवलं तो मला घाबरवेल?

मला एकच गोष्ट खात होती. तो दिवा लागला तेव्हा मी धावत गेले, शेजारी बसले. पण ते त्यांना कळलं का? मी केलेलं यंत्र एकतर्फी होतं. बोलवायचं त्यांनी. 'आले हो' असं सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तीन वाजता 'येतेच' म्हणून ओरडले, ती गेलेच नाही. त्यांनी ऐकलेलं माझं शेवटचं बोलणं ते. आणि ते खोटं निघालं.

म्हणून मी दुसरी जोडी करायला घेतली. उलटी. बटण माझ्याकडे, घंटा पलंगावर.

डोळे साथ देत नव्हते, दीड महिना लागला. ह्या वेळी एकही टाका कच्चा ठेवला नाही. सेल बसवताना माझे हात पुन्हा कागदाकडे वळले. मी ते टेबलावर दाबून धरले. मग खाली बाकावर नेऊन सगळं तपासणीवालीसमोर ठेवलं.

तिने उघडून बघितलं. दहादा वाजवून बघितलं. बटण धरून ठेवलं की घंटा वाजत राहायची, सोडलं की थांबायची.

"ओके आहे," ती म्हणाली. "कशासाठी आहे?"

मी मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं.

तिला कळलं. माझा हात धरून म्हणाली, "करू नकोस गं असं काही. लागलं तरी तुला सोसायचं नाही, आणि नाही लागलं तरी सोसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी पलंगावर गादी घातली. चादर घातली. उशी ठेवली आणि उशीवर घंटा ठेवली. मग स्वयंपाकघरात माझ्या जागेवर जाऊन बसले. मधलं दार सताड उघडं ठेवलं. तिथून पलंगाचं पायथ्याकडचं टोक तेवढं दिसतं.

बटण दाबलं. धरून ठेवलं.

घंटा वाजायला लागली. मोठी, कर्कश. रिकाम्या घरात फार मोठी वाटली. मी अंगठा तसाच दाबून ठेवला आणि म्हणाले, "अहो, मी आले होते. उशीर झाला, पण आले होते."

घंटा वाजत होती.

"मुद्दाम नाही हो केलं. हातांना सवय होती."

घंटा वाजत होती.

आणि मग...

आवाज बुजला. सेल संपत आल्यावर आवाज चिरका होत जातो, तसा नाही. वाजत्या घंटेवर कोणी तळहात ठेवावा तसा. क्षणभर दबून वाजली.

मग थांबली.

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. तो बटणावरच होता. पूर्ण दाबलेला. बटणावरचा बारीक दिवा लागलेला होता, म्हणजे इशारा जात होता.

किती वेळ तशी बसले ते माहीत नाही. अंगठ्याला मुंग्या आल्या तेव्हा सोडला.

उठून बाहेर गेले. पलंगावर कोणी नव्हतं. घंटा उशीवर होती, ठेवली होती तशीच. चादरीला सुरकुती नव्हती. मी घंटा उचलली, तिच्या खालच्या बाजूची चाचणीची कळ दाबली. खणखणीत वाजली. उघडून बघितली. सगळे टाके जागेवर, सेल भरलेला, मीटर बरोबर.

संध्याकाळी बाकावर तपासणीवालीला सांगितलं. तिने ठरलेले प्रश्न विचारले. सेल? भरलेला. टाके? पक्के. खूण? जुळते. मग म्हणाली, "एकदा थांबली त्याने काही सिद्ध होत नाही. परत दाबून बघ."

ह्याला आता आठ महिने झाले. मी परत दाबलेलं नाही.

ते थांबवणं म्हणजे काय होतं, हे मला कळलेलं नाही. 'कळलं, आलीस' असं म्हणाले, की 'पुरे कर, आता निजू दे'? दोन्ही त्यांच्या स्वभावात होतं. शब्द एकच उरला होता, तोही ऐकू आला नाही. दुपारी जेवण झालं की मी पलंगाच्या कडेवर जाऊन बसते. तासभर बसते. कधीकधी माझ्या शेजारची गादी जरा दबल्यासारखी वाटते. कधी काहीच वाटत नाही. मग उठून भांडी घासते.

बटण स्वयंपाकघरात माझ्या हाताशीच असतं. सेल आत आहे, पट्टी नाही. कितीदा अंगठा त्याच्यावर जातो आणि परत येतो.

परत दाबलं, आणि घंटा वाजतच राहिली... तर ती थांबवायला अंगठा मलाच उचलावा लागेल.